अकरा पानांच्या खिडक्या

पुस्तक उघडलं आणि पानातून पलीकडचं पान दिसलं. एवढंच झालं. माझ्या कोपराचा धक्का लागून बडीशेपेच्या काढ्याचा ग्लास आडवा झाला. शेजारच्या टेबलावर वह्यांना शिवण घालत बसलेली सोहेर मान वर न करता म्हणाली, "उस्ताद लबीब, ते पोटात घालायचं असतं, टेबलाला पाजायचं नसतं." एरवी मी तिला काहीतरी उलट सुनावलं असतं. त्या सोमवारी मी फडकं घेतलं, टेबल पुसलं आणि पुसलेलं पुन्हा पुसलं. खाली शुब्राच्या रस्त्यावर गाड्या नेहमीसारख्या भुंकत होत्या. समोर उभी असलेली बाई प्लॅस्टिकच्या पिशवीची घडी घालत माझ्याकडे बघत होती. पन्नाशीच्या आतली असेल. दवाखान्यात इंजेक्शन देणाऱ्या बायका बघतात तशी बघत होती, कुठे टोचायचं ते हेरत. पुस्तक आमच्या नेहमीच्याच घडणीचं होतं, चारही शुभवर्तमानं, प्रत्येक पानावर दोन रकाने, डावीकडे प्रार्थनेची जुनी कॉप्टिक आणि उजवीकडे रोजची अरबी. असली पुस्तकं मी चौतीस वर्षं दुरुस्त करतोय. वाळवीची भोकं, मेणाचे डाग, उंदरांचे दात, सगळं पाहिलंय. पण या पुस्तकात योहानाच्या शेवटाकडच्या अकरा पानांवर कॉप्टिक रकाना होता तिथे नुसती चौकोनी भगदाडं होती, पातीनं कापलेली, कडा सरळ. पानापानाला खिडकी पडली होती, आणि त्या खिडकीतून पुढच्या पानाची खिडकी दिसत होती.

"मी दिमयाना," बाई म्हणाली. "गत्तासची मुलगी. मल्लवीकडच्या तुमच्याच गावचा गत्तास. चर्चमध्ये पवित्र भाकर भाजायचा तो. तुम्ही मुअल्लिम बानूबचे चिरंजीव ना?"

"हो."

"मग तुम्हाला नव्यानं काय सांगायचं! बाबांचं यकृत गेलंय. डॉक्टर म्हणतात, महिना. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी प्रभुभोजन घेतलेलं नाही. जुने अबूना म्हणाले होते, पुस्तक फाडल्याचं कबूल कर आणि मग ये. बाबा म्हणाले, न केलेलं कसं कबूल करू? तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतात आणि भाकर वाटायची वेळ झाली की उठून बाहेर जातात. आता नवे अबूना म्हणतात, गत्तास, माझा तुझ्यावर विश्वास आहे, ये. तर म्हणे, विश्वास नको, उपकार नको. आधी सगळ्यांना कळू दे की तो मी नव्हतो." तिनं पिशवीची घडी पर्समध्ये कोंबली. "हट्टी आहेत. मरायला टेकलेत तरी हट्टी. तुम्ही जाणकार. कापलेल्यावरून हात ओळखा आणि कागदावर लिहून द्या."

"कापलेल्यावरून हात कसा ओळखणार?" मी म्हणालो.

"त्यांना येतो हो ओळखता," सोहेर मध्येच म्हणाली. "मागे एका पुस्तकावरून त्यांनी सांगितलं होतं की कापणाऱ्याला खोकला होता. विनयाचा आव आणतायत."

पवित्र आठवडा चालू होता. बुधवारी संध्याकाळच्या वाचनाला ती बापाला चाकाच्या खुर्चीतून इथल्याच चर्चमध्ये आणणार होती. नवे अबूना, गावच्या चर्चचे धर्मगुरू, तेही गावाहून येणार होते. तिथे कागद द्या, असं सांगून ती गेली. मी पुस्तकावर पांढरं कापड टाकलं. सोहेर म्हणाली, "मेलंय का ते?"

माझे वडील जन्मांध होते. चर्चमध्ये गाणारा मुअल्लिम आंधळा असलेला बरा असं आमच्याकडे मानतात. डोळे नसले की कान तिखट राहतात आणि डोक्यात जागा उरते. वडिलांना वर्षभराची सगळी प्रार्थनागीतं पाठ होती. मला मात्र वाचता येत होतं, आणि त्याबद्दल मला दुप्पट मार मिळायचा. पवित्र आठवड्यात म्हणायचा योहानाचा भाग, प्रभू आणि शिष्य ओढा ओलांडून बागेत जातात तिथपासून कबरीपर्यंत, मी पुस्तकातून कॉप्टिकमध्ये म्हणायचा आणि वडिलांनी ऐकायचं. स्वर हलला की खजुराच्या फांदीचा दांडा. डोळस माणूस मारताना जागा निवडतो, पाठ, पोटऱ्या, तळहात. आंधळा आवाजाच्या रोखानं मारतो, आणि आवाज तोंडातून निघतो. माझा पुढचा दात असा गेला. खालचा ओठ दोनदा फाटला. डाव्या कानात अजूनही पाणी शिरल्यासारखं वाटतं. सातव्या वर्षी मी शिकलो की मार बसला की ओरडायचं नाही, श्वाससुद्धा धरायचा, म्हणजे पुढचा फटका हवेत जातो. तेव्हा ते दांडा खाली ठेवून अरबीत म्हणायचे, "कुठे गेलास रे राजा? ये, मसूर खाऊन घे, गार होईल." अरबीत ते मला राजा म्हणायचे. अरबीत त्यांनी मला कधी बोटही लावलं नाही. एका अंगात दोन बाप राहावेत तसा तो एकच माणूस होता, आणि त्यातला मारणारा कुठल्या भाषेत राहतो हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्या भाषेचा जिवापाड द्वेष केला. अजूनही करतो की काय, हे मी स्वतःला विचारलेलं नाही. तिच्यावरच पोट भरतो म्हणून लोक मला तिचा भक्त समजतात.

सोळाव्या वर्षी, उपासाच्या दिवसांत, एका दुपारी त्यांनी माझ्या तोंडावर असा दांडा घातला की रक्त पुस्तकावर पडू नये म्हणून मला मान मागे टाकून गिळावं लागलं. रक्त गिळताना मला पुस्तकाची काळजी होती, यानंच माझं डोकं फिरलं. ते झोपल्यावर मी दाढीची पाती घेऊन चर्चमध्ये गेलो. अबूना त्या आठवड्यात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मिनियाला होते. पुस्तक वाचनाच्या चौरंगावर होतं. मी ते मांडीवर घेतलं आणि बागेपासून कबरीपर्यंतचं कॉप्टिक कापत गेलो. कापताना ओळन् ओळ मनात येत होती, न चुकता, वडिलांना हवी होती तशी, आणि प्रत्येक ओळीला मी मनात त्यांच्या गळ्याचं माप घेत होतो. मला त्यांना मारायचं होतं, हे सरळच सांगतो. पानाला दुसरी बाजू असते हे त्या रागात सुचलं नाही. पुढून कॉप्टिक कापलं की मागचं अरबी त्याच्याबरोबर जात होतं आणि मागचं कॉप्टिक उलट बाजूला जसंच्या तसं राहत होतं. अकरावं पान उलटल्यावर ते माझ्या ध्यानात आलं. मसूर खा म्हणणारी भाषा मी कापली होती. मग मी सगळे तुकडे सदऱ्यात कोंबले. मागच्या अंगणात गत्तासची भट्टी पेटलेली होती आणि तो कालव्यावर पाणी आणायला गेला होता. मी तुकडे भट्टीत टाकले आणि घरी जाऊन झोपलो. मला झोप लागली, हेही सांगतो.

जुना जाड कागद सहज जळत नाही. दुसऱ्या दिवशी धडा घ्यायला वडील पुस्तकाजवळ बसले, पानाची जाडी चाचपायची त्यांची सवय होती, आणि त्यांची बोटं पानातून आरपार गेली. ते ओरडले ते कुठल्याच भाषेत नव्हतं. तासाभरात भट्टीच्या राखेत शाई असलेले काळे कोपरे सापडले. गत्तासला ओढून आणलं तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे होते. चौघांनी त्याला अंगणात गुडघ्यांवर दाबून धरलं. तो म्हणत होता, "अरे, सरपण होतं माझ्याकडे! देवाचं पुस्तक कशाला जाळू? मला काय वाचता येतं की काय?" कुणीतरी म्हणालं, वाचता येत नाही म्हणूनच जाळलंस. वडील म्हणाले, "मला त्याच्याजवळ न्या." त्यांना न्यायचं काम नेहमी माझंच होतं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. पहिला फटका जमिनीवर बसला, धूळ उडाली. दुसरा हवेत गेला आणि मागे कुणीतरी हसलं. वडिलांचा चेहरा त्या हसण्यानं असा पडला की मला त्यांची दया आली, आयुष्यात पहिल्यांदा. "कुठे आहे तो?" त्यांनी मला विचारलं. गत्तास आता बोलत नव्हता. तोही शिकला होता.

मी म्हणालो, "उजवीकडे, बाबा. जरा खाली." आणि त्यांचं मनगट धरून वळवून दिलं.

कोपराचं हाड मोडताना वाळलेलं धाट मोडल्यासारखा आवाज झाला. मी म्हणालो, "आणखी खाली." हातावर, मनगटावर, बोटांवर. मोडलेला हात त्यानं पोटाशी घेतला तर मी म्हणालो, "आता पोटाशी आहे." गत्तास माझ्या वडिलांकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मला हे बरं वाटत होतं. दांडा आज पहिल्यांदाच दुसऱ्याच्या अंगावर पडत होता आणि तो कुठे पडावा ते मी ठरवत होतो, यात जो आनंद होता तो मला नंतर कशातच मिळाला नाही, लग्नात नाही, मुलं झाली तेव्हा नाही. तो हात पुढे वाकडाच जुळला. त्या हातानं पीठ मळता येईना, आणि येतं तरी त्याच्या हातची भाकर कुणी घेतली नसती. त्याच रविवारी मी प्रभुभोजन घेतलं. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं घेत आलोय. अबूनांपुढे दर महिन्याला पापं सांगतो, राग, आळस, बायकोशी खोटं बोलणं, आणि ते माझ्या डोक्यावर हात ठेवतात.

मंगळवारी मी कापड काढलं. भिंगातून कडा बघितल्या, जणू दुसऱ्या कुणाच्या असाव्यात. सोहेर येऊन खांद्यावरून वाकली. "अहो, हे पहिलं भोक पानाच्या मध्येच सुरू होतंय," ती म्हणाली. "आणि शेवटचंही मध्येच थांबलंय. तो गत्तास अडाणी ना? त्याला कसं कळलं भाग कुठे संपतो ते? हा तर शिकलेला हात आहे." ती बोटानं कड न शिवता हवेत रेघ ओढत होती. "माझ्या भावानं शाळेत गणिताचं पुस्तक असंच कापलं होतं. जेवढा धडा पाठ करायचा होता तेवढाच. मास्तर फार मारायचे त्याला. कुणीतरी मार खाल्लेलं पोर असणार, बघा."

"तू शिवण घाल," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण ती दचकली. मग म्हणाली, "घालते बाबा. उपासानं माणूस एवढा कडू होतो होय!"

गावात त्या वेळी तो भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे तिघांना माहीत होतं. एक मिनियाच्या इस्पितळात डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडला होता. दुसऱ्याला डोळे नव्हते. प्रामाणिक कागद लिहिला असता तर त्यात एकच नाव आलं असतं. मी कागद लिहिला नाही, खळ शिजवली. खिडक्यांमध्ये नवा कागद भरायचा, जुन्या कडा तासून त्याच्याशी मिळवायच्या. माझं रोजचं काम. अकरा पानं भरून झाली असती की भाग कुठे सुरू झाला नि कुठे थांबला हे जगातल्या कुठल्याही भिंगाला सांगता आलं नसतं, आणि पुस्तक वाचवल्याबद्दल लोकांनी माझे आभारच मानले असते. पहिल्या पानाचा तुकडा मी बसवला. फार सुंदर बसला. बोटानं दाबला, वाऱ्यावर धरला, आणि बोटाखालचा तो ओला गुळगुळीत कागद मला एकदम कातडीसारखा लागला, दाबून धरलेल्या माणसाच्या. मी तो ओरबाडून काढला. नखाखाली अडीचशे वर्षांपूर्वीची अरबी ओळ निघून आली. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक अक्षर गेलं नव्हतं. मी मूठ टेबलावर आपटली, परत आपटली, खळीचं भांडं उडालं. सोहेर उठली नाही. ती नुसती मान खाली घालून दोरा ओवत राहिली, आणि तिची ती वाकलेली मान बघून मला कळलं की हिनं घरात हे आवाज पुष्कळ ऐकले आहेत.

शेवटी बुधवारी मी एक सोयीचा कागद केला. कापणारा हात साक्षर होता, चर्चचे वाचन जाणणारा होता, त्यामुळे गत्तास या निरक्षर सेवकाचा तो असणे शक्य नाही. सबब तो अनोळखी इसमाचा समजावा. खाली सही, शिक्का. खोटं एकच वाक्य होतं आणि तेही शेवटी. म्हाताऱ्याला भाकर मिळणार होती, मलाही मिळत राहणार होती. इतक्या वर्षांनी कुणाला त्रास द्यायचा, असं मी जिना उतरताना स्वतःला तीनदा समजावलं.

चर्चमध्ये काळे पडदे लावले होते. वाचन कॉप्टिकमध्ये चालू होतं, मग तेच अरबीत होणार होतं. मागच्या भिंतीशी चाकाची खुर्ची होती. मी त्याला ओळखलं नसतं, एवढंसं गाठोडं उरलं होतं, पिवळं. हात मात्र ओळखला. तो मांडीवर आत वळून पडला होता. दिमयानानं कागद वाचला, मग बापाच्या कानाशी लागून हळू आवाजात वाचून दाखवला. नवे अबूना शेजारी उभे होते, तिशीचा, घामाघूम झालेला, भला माणूस. ते म्हणाले, "देवाचे आभार, गत्तासकाका. आता तरी समाधान?"

गत्तासनं विचारलं, "अनोळखी म्हंजे कोण?"

"म्हणजे माहीत नाही, बाबा. पण तुम्ही नाही हे लिहिलंय ना!"

"मी न्हाई, हे मला म्हाईत हाय की. त्याला शिक्का कशाला पाहिजे?" त्यानं मान वळवली. "लबीब ना तू? म्हातारा झालास रे. दात बसवलास वाटतं. मुअल्लिमनं पाडला होता तो." त्याला धाप लागली. दिमयानानं त्याची पाठ चोळली. "तू तवा पोरगं होतास. बापाला धरून हुबा होतास. मी तुझ्याकडं बघत होतो, ध्यानात हाय का? म्हनलं, ह्ये पोरगं रोज मार खातंय, ह्येला कळंल. ह्येच बोलंल, की बाबा, बास करा."

या आठवड्यात आम्ही कुणी कुणाचं चुंबन घेत नाही. एरवी भेटलं की गालाला गाल लावतो, अबूनांचा हात ओठांना लावतो, पुस्तकाचं, चौकटीचं, कशाचंही घेतो. पण यहूदानं चुंबन घेऊन प्रभूला धरून दिलं, म्हणून बुधवार आला की सगळे लांबूनच मान हलवतात, नवराबायकोसुद्धा. लहान मूल विसरलं तर आई त्याला मागे ओढते. हे मला आईच्या दुधाबरोबर माहीत आहे. मी गत्तासपुढे गुडघे टेकले, तो वाकडा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर ओठ टेकले. वरच्या सज्ज्यात बसलेल्या बायकांमधून कुणाचा तरी श्वास ऐकू आला. अबूना पुटपुटले, "उस्ताद, अहो, आज नाही, आज..." आणि मध्येच थांबले. त्यांचा चेहरा बदलला. दिमयाना एक पाऊल मागे सरकली. मला वाटलं होतं की बोलावं लागेल, ते लागलंच नाही. तरी मी बोललो, कारण मला आता थांबता येत नव्हतं. "पुस्तक मी कापलं. भट्टीत मी टाकलं. आणि दांडा... बाबांना दिसत नव्हतं. दांडा मी वळवून देत होतो."

"ते मी ऐकलं होतं," गत्तास म्हणाला. "उजवीकडं, बाबा. जरा खाली. पोरगं भ्यालंय, म्हनून बोलतंय, असं धरून चाललो मी. चव्वेचाळीस वर्सं."

मग त्यानं मारलं. डाव्या, धड हातानं माझे केस धरले आणि उजव्या मोडक्या हातानं मारलं, तोंडावर, कानावर, परत तोंडावर. त्या हातात जोर नव्हता, पण मनगटाचं हाड बाहेर आलेलं होतं आणि ते लागत होतं. बसवलेला दात सुटला. ओठ जुन्याच जागी फाटला. अबूना धावले तर दिमयाना त्यांच्या आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "मध्ये पडू नका." वाचणारा थांबला होता. सगळं चर्च वळून बघत होतं. मी श्वास धरला नाही. प्रत्येक फटक्याला मी मोठ्यानं ओरडलो, म्हणजे त्याचा नेम चुकणार नाही, आणि त्याला दिसत होतं हे माझ्या लक्षातच नव्हतं. तो दमल्यावर थांबला. माझे केस त्याच्या मुठीत तसेच होते. त्याच्या छातीतून भाता चालल्यासारखा आवाज येत होता. खूप वेळानं त्यानं मूठ सोडली आणि बोटांना लागलेलं माझं रक्त आपल्या कफनीला पुसलं.

"उद्या गुरुवार," तो अबूनांना म्हणाला. "उद्या भाकर हाय ना?"

"आहे, गत्तासकाका," अबूना म्हणाले.

आमच्यात भाकर घ्यायची तर तिच्याआधी पोटात पाण्याचा थेंबही चालत नाही. गत्तासनं माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. मुलीला खुर्ची वळवायला सांगितली आणि जाता जाता म्हणाला, "दिमयाना, उद्या सकाळी मला चहा देऊ नगंस."